लँडस्केप आर्किटेक्चरचा पाया शिकायचाय, झाडांपासून सुरू करू की जमिनीपासून?

नवखा_माळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणारे, सांभाळून घ्या.

मी पेशाने अकाउंट्सवाला, पण गेल्या वर्षभरात लँडस्केप आर्किटेक्चरने पार झपाटलंय. आता डिग्री करणं शक्य नाही, पण पाया पक्का करायचाय. एक ऑनलाइन कोर्स केला, नाव घेत नाही. त्यात पहिल्या आठवड्यापासूनच झाडांच्या याद्या, रंगसंगती आणि थ्रीडी सॉफ्टवेअर. कोर्स संपला तसा हुरूप आला आणि घरामागच्या १२ बाय २० मीटर जागेचं डिझाइन स्वतःच करून टाकलं. मागच्या टोकाला बसायला जागा सपाट केली, त्यातून निघालेली माती भिंतीपासून चार-पाच मीटरवर टाकून लांबट उंचवटा केला, वर गवत आणि झुडपं. चित्रात फार छान दिसत होतं, प्रत्यक्षातही दिसत होतं. मग पहिला जोराचा पाऊस झाला आणि उंचवट्याच्या अलीकडचं सगळं पाणी घराच्या भिंतीशी येऊन थांबलं. दोन दिवस हटलं नाही, आतल्या खोलीत ओल आली.

तेव्हापासून वाटतंय की आपण वरचा मजला आधी बांधला. पाया म्हणजे नक्की काय, कुठल्या क्रमाने शिकायचं, हातात काय घेऊन बसायचं, कोणी नीट सांगेल का? आणि त्या उंचवट्याचं आता काय करू?

---

लेव्हलवाला

बरं झालं विचारलंत. मी साइटवर काम करणारा माणूस, मोठ्या बागा, कॅम्पस, रस्त्याकडेचे पट्टे यांचं ग्रेडिंग बघतो, म्हणजे जमिनीच्या पातळ्या आणि उतार ठरवणं. माझं उत्तर सरळ आहे, जमीन आणि पाणी आधी, बाकी सगळं नंतर. झाड चुकलं तर उपटून दुसरीकडे लावता येतं, पण उतार चुकला की त्यावरचं सगळंच उखडावं लागतं.

सॉफ्टवेअर बंद करा आणि एक पारदर्शक नळी आणा, गवंडी लोक वापरतात ती ट्यूब लेव्हल. नळीत पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळी मापं चुकतील. दोन्ही टोकांचं पाणी नेहमी एका पातळीत राहतं, त्यामुळे कुठल्याही दोन जागांमधला उंचीचा फरक मिलिमीटरपर्यंत नाही तरी सेंटिमीटरपर्यंत हमखास मिळतो. घराच्या जोत्यावर एक पक्की खूण करा आणि तिला १०.०० मीटर म्हणा, हा तुमचा बेंचमार्क, बाकी सगळ्या पातळ्या याच्यावरून मोजायच्या. मग दर २ मीटरवर खुंट्या ठोका, तुमच्या जागेत लांबीला ११ आणि रुंदीला ७ अशा ७७ येतील. प्रत्येक खुंटीशी जमिनीची पातळी मोजून कागदावर लिहा, १:१०० स्केल ठेवा म्हणजे १ सेंटिमीटर बरोबर १ मीटर, हिशोबाला सोपं.

आता त्या आकड्यांमधून कंटूर काढा, मराठीत समोच्च रेषा. समजा एका खुंटीवर १०.४० आहे आणि ४ मीटरवरच्या दुसरीवर १०.१०, तर ३० सेंटिमीटरचा उतार ४ मीटरमध्ये झाला म्हणजे ७.५ टक्के, आणि १०.२५ ची रेषा बरोबर मधून जाणार. असं करत सगळ्या समान उंचीच्या जागा जोडत जायचं. रेषा जवळ आल्या की चढ तीव्र, लांब गेल्या की सपाटी. घळ असेल तिथे रेषांचं टोक चढाच्या दिशेला वळतं, डोंगराची सोंड असेल तिथे उताराच्या दिशेला. पाणी नेहमी कंटूरला काटकोनात वाहतं. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं की नकाशा बघूनच पाणी कुठे जाणार ते बोटाने दाखवता येतं. तुमच्या उंचवट्याच्या चित्रावर कंटूर असते तर भिंतीकडे येणारं पाणी तुम्हाला कागदावरच दिसलं असतं.

आणि काही आकडे पाठच करा. भिंतीला लागून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन साधारण १५ सेंटिमीटर खाली उतरली पाहिजे, म्हणजे ५ टक्के. हिरवळीला निदान २ टक्के, फरशीला १ ते २. चालायची वाट ५ टक्क्यांच्या आत ठेवा. व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ च्या वर जाऊ नका. गवत कापायचं असेल तर १:३ पेक्षा तीव्र उतार नको, १:४ असेल तर कापणारा दुवा देईल.

---

कुतूहल

मस्त चाललाय धागा, वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न, टक्के आणि अंश यात माझा कायम घोळ होतो. १०० टक्के उतार म्हणजे उभी भिंत ना?

---

लेव्हलवाला

नाही नाही, इथे बरेच जण अडकतात. टक्के म्हणजे आडव्या १०० मीटरमागे किती मीटर उभं. १०० टक्के म्हणजे १०० ला १००, म्हणजे ४५ अंश. उभ्या भिंतीला टक्केच नाहीत कारण आडवं अंतर शून्य. १:४ म्हणजे २५ टक्के, साधारण १४ अंश. आपल्या धंद्यात अंश कोणी वापरत नाही, टक्के किंवा गुणोत्तर एवढंच.

---

पानोपानी

लेव्हलवाला दादांच्या जवळपास सगळ्याला अनुमोदन, पण "झाडं नंतर" यावर माझी हरकत आहे आणि ती मी ठासून नोंदवणार. नवीन झाडं नंतर, हे कबूल. पण जागेवर आधीपासून उभी असलेली झाडं पहिल्याच दिवशी नकाशावर आली पाहिजेत, लेव्हलच्याही आधी. कारण झाड असलं की त्याच्याखालची जमीन तुमची राहत नाही.

लोकांना वाटतं मुळं खाली खोल खोल जातात. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या ४५-६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. त्यावर नुसता १५ सेंटिमीटर भराव टाकला तरी मुळांना हवा कमी पडते, आणि झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो तेव्हा कोणाला तो भराव आठवतही नाही. खोदलं तर मुळं तुटतात. मशीन फिरवली तर माती दबते, आणि दबलेली माती पूर्वीसारखी व्हायला वर्षानुवर्षं लागतात. मी स्वतः एक मोठं झाड असंच घालवलंय, पार्किंगसाठी भराव टाकू दिला म्हणून. अजून त्या बाजूने जाताना वाईट वाटतं.

माळीदादा, तुमच्या जागेत जुनं झाड आहे का? असेल तर बुंध्याची जाडी, फांद्यांचा घेर आणि बुंध्याशी जमिनीची पातळी, तिन्ही लिहा.

आणि मातीचं बघा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा म्हणजे मऊ बारीक गाळ काही तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्त. थरांची जाडी मोजली की कोण किती ते कळतं. मग ३० सेंटिमीटरचा खड्डा करा, एकदा पाणी भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला सेंटिमीटरभरही उतरत नसेल तर जमीन चिबड होणार, पाणी धरून ठेवणार, आणि मग झाडांची यादी आपोआप अर्धी होते. याद्या पाठ करण्यापेक्षा हे शिकलं की झाड निवडणं किती सोपं होतं सांगू!

---

ट्रेसिंग_पेपर

मी या विषयाची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. आम्हाला पहिलं पूर्ण सेमिस्टर सॉफ्टवेअरला हातच लावू दिला नाही, तेव्हा चिडचिड झाली होती, आता पटतंय.

आमची पद्धत अशी की एकाच स्केलचा मूळ नकाशा आणि त्यावर ट्रेसिंगचे थर. एकावर उतार, एकावर पाणी, एकावर माती, एकावर झाडं, एकावर ऊन-सावली, एकावर वारा आणि आवाज, एकावर माणसं खरंच कुठून चालतात त्या पायवाटा. सगळे थर एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला धरले की काही जागा गडद होतात, तिथे हात लावायचा नाही, आणि काही मोकळ्या राहतात, तिथे बांधायचं. ही थरांची पद्धत लँडस्केप आर्किटेक्ट इयान मॅकहार्ग यांनी १९६० च्या दशकात नावारूपाला आणली, ते हायवे आणि अख्ख्या नदीखोऱ्यांसाठी वापरायचे. आजची नकाशांची जीआयएस सॉफ्टवेअरं मूळ कल्पना तीच वापरतात. पण २४० चौरस मीटरलाही ती तितकीच लागू पडते.

उन्हाचा थर करताना सकाळी, दुपारी, संध्याकाळी सावलीच्या कडेला खडूने खुणा करा, आणि वेगवेगळ्या ऋतूत करा. ८ मीटरच्या झाडाची सावली सूर्य ४५ अंशांवर असताना ८ मीटर पडते, तोच ३० अंशांवर आला की जवळपास १४ मीटर. फक्त दुपारी बघून बाक ठेवला की तो पुढे सहा महिने रिकामा राहतो.

सॉफ्टवेअर वाईट नाही, पण त्यात जमीन डीफॉल्टने सपाट असते आणि झाड डीफॉल्टने पूर्ण वाढलेलं. सुरुवातीला नेमकं हेच फसवतं.

---

जुनी_बाग

इतिहासाबद्दल कोणीच बोललं नाही अजून. अभ्यासक्रमात इतिहास म्हणजे सनावळ्या म्हणून लोक उडवून लावतात, पण मी म्हणतो जुनी कामं लेव्हलच्या नजरेने बघा, तिथेच खरा पाया सापडतो.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घ्या. ओल्मस्टेड आणि व्हॉ यांचा आराखडा १८५८ मध्ये स्पर्धेत निवडला गेला. पार्कातून आडवे चार रस्ते न्यायचेच अशी अट होती. त्यांनी ते रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेले, त्यामुळे वरून चालणाऱ्याला वाहतूक दिसत नाही आणि हिरवळ सलग वाटते. म्हणजे सगळी किमया ग्रेडिंगची, आणि लोक आजही म्हणतात काय सुंदर नैसर्गिक जागा राखलीय! तिथली तळी माणसांनी खणलेली आहेत, टेकाडांना आकार दिलेला आहे, हजारो झाडं लावलेली आहेत.

किंवा इंग्लंडमधल्या इस्टेटींमधला हा-हा. गुरं बागेत येऊ नयेत पण कुंपणही दिसू नये म्हणून जमिनीत खंदक, घराकडच्या बाजूला उभी भिंत आणि पलीकडे हळू उतार. घरातून बघणाऱ्याला कुरण थेट दाराशी आल्यासारखं दिसतं. एक सेक्शन, म्हणजे जमीन उभी कापली तर दिसेल तसं चित्र, काढून बघा, पाच मिनिटांत कळेल, आणि सेक्शन का काढायचा हेही कळेल. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून बघितलेल्या नकाशात, हा-हा म्हणजे नुसत्या दोन रेषा.

फ्रान्समध्ये व्हो-ल-व्हिकोंत या महालाच्या बागेत बागरचनाकार ल नोत्र यांनी १७ व्या शतकात उतार आणि लांबलचक पाण्याची कुंडं अशी मांडली की घरातून बघताना अंतरं जवळ वाटतात, आणि चालायला लागलं की मध्ये अख्खा कालवा आडवा येतो जो तोपर्यंत दिसलेलाच नसतो. जपानमध्ये र्‍योआन-जी मंदिराच्या बागेत १५ दगड आहेत, पण व्हरांड्यात कुठेही बसलात तरी किमान एक नजरेआड राहतो. डोळ्याची उंची आणि उभं राहायची जागा, एवढ्याच भांडवलावर केलेलं काम.

---

कट्टेकरी

जुनी_बाग यांच्याशी सहमत, आणि मी त्यात माणूस घालतो. उतार, पाणी, माती सगळं बरोबर करूनही जागा ओकीबोकी राहू शकते, कारण माणसाच्या मापाचा विचार केलेला नसतो.

मॅनहॅटनमधलं पेली पार्क, १९६७ चं. जेमतेम ३९० चौरस मीटर, म्हणजे माळीदादा तुमच्या जागेच्या दीडपटीहून किंचित जास्त. तिन्ही बाजूंना इमारती, मागच्या भिंतीवर साधारण ६ मीटरचा धबधबा, त्याच्या आवाजात रस्त्याचा आवाज बुडतो. वर हनी लोकस्टची झाडं, साधारण पावणेचार मीटरवर एक. त्यांची पानं बारीक, त्यामुळे गार पण अंधारी नाही अशी सावली. आणि खुर्च्या सुट्या, उचलून हव्या तिथे नेता येतात. विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कचे चौक कॅमेरे लावून वर्षानुवर्षं पाहिले आणि त्यातून निघालेली गोष्ट अगदी साधी होती, बसायला जागा असते तिथे लोक बसतात. पण कितीतरी भव्य चौकांमध्ये नेमकी तीच नसते.

मला शिकताना सगळ्यात उपयोगी पडलं ते हे. गुडघ्याएवढं झुडूप जागा फक्त आखतं, अडवत नाही. कमरेएवढं असलं की माणूस वळसा घेतो पण पलीकडे बघू शकतो. डोळ्याच्या वर गेलं की ती भिंत झाली. आणि मोकळी जागा किती रुंद, कडा किती उंच हे गुणोत्तर. कडा ३ मीटर आणि रुंदी ३ ते ६ मीटर असली की खोलीत बसल्यासारखं वाटतं, रुंदी १२ च्या पुढे गेली की तो आडोसा जाणवेनासा होतो. टेप घेऊन फिरा खरंच. कुठल्याही बाकावर बसून बरं वाटलं की पाठीमागे काय आहे, समोर किती लांब दिसतंय, बाकाची उंची किती ते मोजून वहीत लिहा. पाठीला आधार आणि समोर मोकळं, बहुतेक वेळा हेच निघेल.

पायऱ्यांचं पण सांगतो. दोन चढ (पायरीची उंची) अधिक एक पाऊलपट्टी (पाय ठेवायची रुंदी) मिळून ६० ते ६५ सेंटिमीटर. बाहेर १५ चा चढ आणि ३५ ची पट्टी छान चालते. घरातल्या जिन्याचं माप बागेत आणू नका, बाहेर माणूस मोठी पावलं टाकतो. आणि एकच पायरी कुठेही सोडू नका, ती दिसत नाही, लोक पडतात.

---

नवखा_माळी (धागाकर्ता)

तीन आठवडे गायब होतो, नळी घेऊन जागेत. ७७ खुंट्या, दोन रविवार, मुलगी एका टोकाला आणि मी दुसऱ्या. आयुष्यात एखाद्या जागेकडे एवढं बघितलं नव्हतं. जी जागा मला सपाट वाटायची ती सपाट नाहीचे.

आकडे देतो. भिंतीशी जमीन १०.००. भिंतीपासून ३ मीटरवर, मध्यभागी, १०.०४, म्हणजे उतार उलटा. उंचवट्याचा माथा १०.३५. मात्र दोन्ही कुंपणांच्या बाजूला, जिथे उंचवटा पोचत नाही, तिथे ३ मीटरवरच डावीकडे ९.७० आणि उजवीकडे ९.७४. आणि अगदी मागे दोन्हीकडे ९.४०. बरणीत अर्ध्याहून जास्त चिकणमाती, खड्ड्यात तासाला दीड सेंटिमीटर. उजव्या कुंपणाशी जुनं झाड आहे, घेर साधारण ४ मीटर त्रिज्येचा.

माझा विचार असा की भिंतीपासून ३ मीटरवर जमीन ९.८५ ला आणायची आणि तिथून भिंतीला समांतर उथळ चर काढायचा, डाव्या कुंपणापासून उजव्या कुंपणापर्यंत १२ मीटर, २ टक्क्यांनी. म्हणजे उजव्या टोकाला ९.६१. मग तिथून कुंपणाच्या कडेने मागे. बरोबर आहे का?

---

पानोपानी

थांबा थांबा. उजवीकडे जमीन ९.७४ आणि चराचा तळ ९.६१, म्हणजे झाडाच्या मुळांमध्ये १३ सेंटिमीटर खोदणार तुम्ही, आणि पुढे कुंपणाच्या कडेनेही खोदतच जावं लागेल. नको. चिकणमातीत मुळं तर अजूनच वर असतात.

---

लेव्हलवाला

ताई बरोबर बोलतायत, आणि यासाठीच लेव्हल आणि झाडं एका कागदावर पाहिजेत. माळीबुवा, आकडे उत्तम घेतलेत, आता त्यांनाच विचारा.

चर एकाच बाजूला कशाला न्यायचा? मध्ये उंच बिंदू ठेवा, ९.८५, आणि दोन्ही बाजूंना ६-६ मीटर २ टक्क्यांनी. १२ सेंटिमीटर उतरलं की दोन्ही टोकांना ९.७३. डावीकडे जमीन ९.७० आहे, म्हणजे पाणी आपोआप बाहेर पडलं. उजवीकडे ९.७४, म्हणजे फक्त १ सेंटिमीटर खरवडायचं, ते पण फावड्याने नाही, हाताने. तिथून मागे १७ मीटरमध्ये ३३ सेंटिमीटर उतार आहे, म्हणजे जवळजवळ २ टक्के तुमच्या जमिनीने आयताच दिलाय, हात लावायची गरज नाही.

चराला बाजू १:४ ठेवा, वर गवत, म्हणजे चर म्हणून दिसणारही नाही. उंचवट्याची अलीकडची बाजू कापा, ती माती मागे टाकू नका, उंचवट्याच्याच पलीकडच्या अंगाला पसरा. उंचवटा राहू दे, फक्त भिंतीपासून लांब सरकेल. झाडाच्या घेरात एक घमेलंही पडता कामा नये.

छपराचं पाणी कुठे सोडताय?

---

नवखा_माळी (धागाकर्ता)

पन्हळीचा पाईप थेट भिंतीशीच सुटतो, हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय. मागच्या बाजूचं छप्पर ६० चौरस मीटर.

---

लेव्हलवाला

१ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ३० मिलिमीटरच्या सरीत ६० चौरस मीटरचे १८०० लिटर, सगळे तुमच्या पायाशी. पाईप लांबवून चरात सोडा आणि मागे, डाव्या बाजूला, झाडापासून आणि घरापासून लांब एक उथळ खळगा करा. १५ सेंटिमीटर खोल धरला तर १२ चौरस मीटर लागेल. तासाला दीड सेंटिमीटर जिरतंय म्हणजे १० तासांत रिकामा, डासांची भीती नाही. छपराचं अर्धं पाणी उजवीकडे जायला नको म्हणून पाईप मध्यावर न सोडता डाव्या अर्ध्यात सोडा. आणि खळग्याला एका जागी कड खालची ठेवा, जास्तीचं पाणी कुठून बाहेर जाणार ते तुम्ही ठरवा, पाण्याला ठरवू देऊ नका.

---

कुतूहल

मी पण नळी आणली आज.

---

नवखा_माळी (धागाकर्ता)

झालं काम. चर, उंचवटा, खळगा, पाईप, सगळं. गवत अजून लावलेलं नाही, मुद्दामच. काल पन्हळीत पाइपाने पाणी सोडून तासभर उभा राहिलो. पाणी चरात आलं, डावीकडे वळलं, कुंपणाच्या कडेने हळूहळू मागे गेलं आणि खळग्यात शिरलं. भिंतीशी जमीन कोरडी. मुलगी पाण्याबरोबर चालत चालत शेवटपर्यंत गेली.

फक्त चराच्या डाव्या अर्ध्यात, मध्यापासून २ मीटरवर पाण्याचं डबकं राहतंय. नळी लावली तर ९.७८ आलं, हिशोबाने ९.८१ पाहिजे. पूर्वी उंचवट्याची माती होती तिथेच आहे ते.

---

लेव्हलवाला

भराव दबला. सैल माती पाणी प्यायली की बसतेच. थोडी माती टाका, पातळ थरात, धुम्मसाने ठोका, पुन्हा थर, पुन्हा ठोका. ९.८१ आलं की परत पाणी सोडून बघा आणि एक मोठा पाऊस जाऊ द्या. मग पुन्हा लेव्हल घ्या, आणि ती जमली की ताईंना झाडांचं विचारा.

---

पानोपानी

तोवर मी थांबलेय. खळग्याचा फोटो टाका पाऊस झाल्यावर, पाणी किती तासांनी जिरलं तेही लिहा. त्यावरच यादी करू.